राजम्मांचं प्रकरण: विडी कामगार स्त्री, न मिळालेली शाळा आणि उतारवयातला स्मृतिभ्रंश

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात आजही घराघरांत विड्या वळल्या जातात. इथली बरीच विणकर कुटुंबं मूळची तेलंगणाकडची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी. पुरुष यंत्रमागावर टॉवेल-चादरी विणतात आणि बायका विड्या वळतात. हे प्रकरण अशाच एका घरातल्या आजींचं आहे. त्यांना इथे राजम्मा म्हणू. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

राजम्मांचं वय विडी कामगाराच्या कार्डावर ६८ आणि आधार कार्डावर ७१. जन्माची नोंद कधी झालीच नव्हती, त्यामुळे खरं कोणतं ते कुणालाच माहीत नाही. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. सात-आठ वर्षांच्या असताना आईशेजारी बसून दोरा बांधायला शिकल्या, आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं सूप मांडीवरून खाली ठेवलं नाही. नवरा यंत्रमागावर होता, दम्याने गेला. मुलगा रात्रपाळीत यंत्रमाग चालवतो. सून पद्मा विड्या वळते. नात नववीत, नातू पाचवीत. दोन खोल्यांचं घर. एक मुलगी लग्न होऊन भिवंडीला गेलेली.

बीपीचं निदान दहा वर्षांपूर्वी झालं होतं. गोळ्या मिळाल्या की घ्यायच्या, संपल्या की थांबायचं, डोकं दुखलं की पुन्हा सुरू करायच्या. पूर्व भागातल्या शेकडो बायकांचं बीपी याच पद्धतीने चालतं. यात निष्काळजीपणा नाही. आरोग्य केंद्रात जाऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे अर्ध्या दिवसाच्या विड्या जातात, आणि विड्या गेल्या की मजुरी जाते.

कुठून बिघडायला लागलं

पहिली खूण दिसली ती विडीच्या बंडलात.

एका बंडलात २५ विड्या. ४० बंडलं म्हणजे हजार, आणि मजुरी हजारावर. जुन्या बायका मोजत नाहीत, मुठीत धरल्यावरच २५ झाल्या की नाही ते त्यांना कळतं. राजम्मांचा हात तर गल्लीत नावाजलेला होता. त्यांच्या बंडलात कधी २२, कधी २७ विड्या निघू लागल्या. नंतर काही विड्यांत तंबाखूच नसायची. विडी कंपनीच्या शाखेत माल तपासणारा चेकर बंडलं छाटायला लागला. छाटलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही आणि दिलेल्या पानाचा-तंबाखूचा हिशोब मात्र द्यावा लागतो. घरच्यांना वाटलं, नजर कमी झाली. मग पद्मा रात्री स्वयंपाक उरकून सासूची बंडलं सोडून पुन्हा बांधायला लागली. त्यामुळे छाट थांबली, आणि नेमक्या त्याच कारणाने बिघाड आणखी सात-आठ महिने झाकला गेला.

पुढच्या गोष्टी मात्र झाकण्यासारख्या नव्हत्या. गॅस चालू राहायचा. शाखेतून परतताना एकदा राजम्मा दुसऱ्याच गल्लीत जाऊन एका अनोळखी ओट्यावर बसून राहिल्या. ‘माझे पैसे सुनेने काढले’ असं शेजारी सांगू लागल्या. घरात भांडणं सुरू झाली, मुलगा आईवर हात उगारण्यापर्यंत गेला. गल्लीत कुणी म्हणे चळ लागला, कुणी म्हणे करणी.

त्यातच पेन्शन थांबली. भविष्यनिर्वाह निधीची जेमतेम बाराशे रुपयांची ती पेन्शन, पण त्या घराचं महिन्याचं वीजबिल आणि गॅस त्यावर निघायचा. हयातीचा दाखला द्यायला गेल्यावर अंगठा उमटला नाही. वर्षानुवर्षं पान कातरून आणि दोरा ओढून बोटांच्या रेषा झिजलेल्या. खिडकीतल्या माणसाने पतीचं पूर्ण नाव विचारलं, तर राजम्मा गोंधळल्या आणि काही न बोलता घरी आल्या. पद्मा आमच्या केंद्रात आली ती पेन्शनचं काय करायचं हे विचारायला. सासूच्या विसरण्याबद्दल ती उठता उठता बोलली.

मी तिथे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. आठवड्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञ येतात, बाकीचे दिवस एक डॉक्टर, एक परिचारिका आणि आम्ही दोघी.

३० पैकी ११

पद्माच्या हातात एका खासगी दवाखान्याचा कागद होता. त्यावर स्मृतीच्या चाचणीत ३० पैकी ११ गुण आणि ‘तीव्र डिमेन्शिया’, म्हणजे स्मृतिभ्रंश, असा शेरा. ‘आता काही होणार नाही, सांभाळा’ असं तोंडी सांगितलेलं. घराने ते खरं मानलं होतं आणि बीपीच्या गोळ्याही बंद केल्या होत्या, कारण आता उपयोग काय.

ही ‘मिनी मेंटल’ (एमएमएसई) चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली आणि जगभर वापरली जाते. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करत जायचं असतं, किंवा एका शब्दाची अक्षरं उलटी सांगायची असतात. त्याचे ५ गुण. एक वाक्य वाचून तसं करायचं, १ गुण. एक वाक्य लिहायचं, १ गुण. दोन पंचकोन काढायचे, १ गुण. ज्या बाईने हातात पेन्सिल कधी धरली नाही तिचे हे ८ गुण मेंदू धडधाकट असला तरी धोक्यातच असतात. वर चाचणी मराठीत घेतलेली, आणि राजम्मांना ऐकू कमी येत होतं हे कुणी पाहिलं नव्हतं. वय नीट सांगता आलं नाही हेही विस्मरणाच्या खात्यात टाकलेलं. सरकारी कागदांचंच त्यावर एकमत नाही ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता: हा निकाल धरून पुढे जायचं, की तपासणी पुन्हा करायची? पुन्हा करायची तर पद्माचे आणखी दोन दिवस बुडणार होते. आम्ही पुन्हा करायचं ठरवलं, आणि शक्य तेवढं घरी जाऊन करायचं ठरवलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता.

पुन्हा तपासणी

निरक्षर वृद्धांसाठी आपल्याकडे वेगळी साधनं आहेत. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये १९९०च्या दशकात झालेल्या भारत-अमेरिका अभ्यासात, डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी त्याच चाचणीचं हिंदी रूप तयार केलं. त्यात शंभरातून सात वजा करण्याऐवजी वीसमधून तीन-तीन, अक्षरांऐवजी आठवड्याचे वार उलटे, वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याचं पाहून तसं करणं, आणि वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगणं असे बदल आहेत. त्याच अभ्यासातून रोजच्या कामांविषयी घरच्यांना विचारायची प्रश्नावलीही निघाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) चाचणीसंच तेलुगूतही उपलब्ध आहे. आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी यांच्या आधाराने तपासणी केली, आणि तेलुगू बोलणारी आमची परिचारिका शेजारी बसली.

आधी कान पाहिले. दोन्हींत मळ घट्ट बसलेला. तो काढल्यावरही ऐकणं कमीच होतं, पण प्रश्न पोहोचायला लागले.

मग पद्माने सूप आणून दिलं. राजम्मांनी पान उचललं, शिरेची बाजू पाहून वळवलं, तंबाखू पसरली, वळली, दोरा दोन वेढे देऊन तोडला, टोक दुमडलं. कुठेही अडखळल्या नाहीत. हजाराला किती बंडलं, असं विचारल्यावर ‘नलभै’, चाळीस, हे उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं. पण बंडल बांधताना तेराव्या-चौदाव्या विडीला त्या थांबल्या, सगळ्या सुपात ओतल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. तीनदा. सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी पाच मिनिटांनी एकही आठवली नाही. सकाळी काय खाल्लं ते आठवेना.

म्हणजे बिघाड खरा होता. पण ‘तीव्र’ नव्हता. सौम्य आणि मध्यम यांच्या मधला होता.

रक्तात बी-१२ जीवनसत्त्व खूप कमी निघालं, बीपी १८०च्या घरात. शासकीय रुग्णालयात केलेल्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं जुनं नुकसान दिसलं. आणखी एक गोष्ट पिशवीतल्या पट्ट्यांवरून कळली. अंगदुखी आणि झोपेसाठी मेडिकलमधून आणलेली एक गोळी त्या दीड वर्ष घेत होत्या, आणि तीच गोळी वृद्धांत गोंधळ आणि विस्मरण वाढवते. निदान झालं ते मिश्र स्वरूपाच्या (अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान अशा दोन्ही कारणांच्या) स्मृतिभ्रंशाचं, ज्यात बी-१२ची कमतरता, औषध आणि ऐकू न येणं यांनी भर घातली होती.

हे सगळं एका बाईत एकत्र येणं हा योगायोग नाही. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया आहे, आणि तो स्त्रियांत, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत जास्त आढळतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले आणि ते सर्व दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील असं म्हटलं. त्या यादीतलं कमी शिक्षण, बहिरेपण, बीपी, नैराश्य, एकटेपण, हवेचं प्रदूषण, अधू नजर हे सगळं राजम्मांच्या गल्लीत फिरून मोजता येतं. बालपणी मिळालेली शाळा मेंदूला पुढच्या झिजेसाठी शिल्लक देते. ती नसेल, तर तेवढ्याच झिजेत माणूस लवकर कोलमडतो.

एक गोष्ट राजम्मांच्या बाजूने होती. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली दाखवलं की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची सुरुवात साधारण साडेचार वर्षं उशिरा होते, आणि हा फरक निरक्षरांतही दिसतो. राजम्मा आयुष्यभर तीन भाषांत वावरल्या. शाळेने दिलं नाही ते थोडंफार गल्लीने दिलं असावं, असं मला वाटतं.

समोरचे पर्याय

मुलाला आईला हैदराबादला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्यासाठी बचत गटातून आणि एका फायनान्सकडून कर्ज काढायची तयारी होती. तिथे एमआरआय काढूनही उपचारात फारसा फरक पडणार नाही, हे डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं. ‘आईसाठी काहीच केलं नाही असं लोक म्हणतील’ ही त्याची भीती होती, आणि ती भीती साधी नव्हती. हा पर्याय मागे पडायला सर्वांत जास्त वेळ लागला.

वृद्धाश्रमाचा विचार थोडक्यात संपला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घेणारे पैसे मागतात, आणि मोफत असलेल्यांना स्वतःचं स्वतः करू शकणारी माणसं हवी असतात.

भिवंडीच्या मुलीकडे सहा महिने आणि इथे सहा महिने, असं भावंडांनी आपसांत जवळपास ठरवलं होतं. न्याय्य वाटतं ते. पण जागा बदलली की अशा माणसाची उरलीसुरली ओळख सुटते. सोलापूरची गल्ली राजम्मांच्या पायांना पाठ होती, भिवंडीची कधीच होणार नव्हती.

आणि एक पर्याय कुणी पर्याय म्हणून मांडलाच नव्हता, तो आपोआप सुरू झाला होता. नववीतली नात आजीजवळ थांबण्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडवत होती. पद्मा म्हणाली, ‘तशीही दहावीनंतर घरीच बसणार आहे. आत्तापासून विडी शिकली तर अत्तम्माकडे (सासूबाईंकडे) बघता येईल, चार पैसेही येतील.’ ती निर्दय नव्हती. तिच्या विड्या दिवसाला नऊशेवरून पाचशेवर आल्या होत्या आणि तिला दुसरा हात हवा होता. पण ज्या कारणाने आजीचा मेंदू लवकर थकला, तेच कारण आजीच्या आजारपणाच्या निमित्ताने नातीच्या वाट्याला येत होतं. आम्ही घरच्यांसमोर एकच अट ठेवली: जे काही ठरेल त्याची किंमत पोरीच्या शाळेने द्यायची नाही.

काय केलं

औषधांचं सोपं होतं. मेडिकलमधली ती गोळी हळूहळू बंद केली. बी-१२ची इंजेक्शनं सुरू केली. बीपीच्या गोळ्या महिन्याच्या एकदम मिळाव्यात अशी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात सोय झाली, आणि त्या आणायचं काम आशाताईंनी अंगावर घेतलं. स्मृतीसाठीचं डोनेपेझिल जन औषधी दुकानातून सुरू केलं. फायदा थोडाच असेल हे घरच्यांना आधीच सांगितलं.

कानाचं यंत्र ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनेच्या शिबिरात मिळालं. २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना मुळात धोका जास्त त्यांच्यात श्रवणयंत्राने तीन वर्षांत स्मृतीची घसरण निम्म्याच्या आसपास मंदावली होती. त्या आशेने आम्ही यंत्राच्या मागे लागलो. राजम्मांनी ते आठवडाभर लावलं आणि मग पिशवीत टाकलं. यंत्रमागाच्या पट्ट्यात सतत खटखट, ती यंत्रातून आणखी मोठी ऐकू येते. शेवटी यंत्र फक्त संध्याकाळी लावायचं, आणि बाकी वेळ समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायचं, असं घराने ठरवलं.

पेन्शनसाठी अंगठ्याचा नाद सोडला. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. नातीने आजीला दारातल्या उजेडात बसवून ते केलं. पेन्शन मागच्या थकबाकीसह सुरू झाली.

राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपयेही मिळाले असते तर बरं झालं असतं. तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार आहे, म्हणजे कुटुंबाने महिन्याला १७५० रुपयांत जगायचं. यंत्रमागावर राबणाऱ्या मुलाचं घर त्यात बसत नाही. एका मध्यस्थाने दाखला ‘करून देतो’ म्हणून सांगितलं, मुलाने नको म्हटलं. त्याच्या प्रामाणिकपणाचा मला आदर आहे, आणि ही मर्यादा इतकी खाली ठेवणाऱ्यांचा राग येतो.

दिवसभर लक्ष कोण ठेवणार, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर गल्लीतल्या बायकांनी काढलं. समोरच्या घराच्या ओसरीवर सहा-सात जणी एकत्र विड्या वळायला बसत. पद्मा एकटी घरात वळत असे, कारण सासूच्या आरोपांची तिला लाज वाटे. संशय हा आजाराचा भाग आहे हे आम्ही त्या ओसरीवर बसून सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर पद्मा सासूला घेऊन तिथे बसू लागली. राजम्मांना भिजलेली पानं निवडायचं काम दिलं. तंबाखूची धूळ त्यांच्यापासून दूर, कात्री दूर. उठून चालू लागल्या तर कुणीतरी हाक मारतं.

याबद्दल आमच्यात मतभेद झाले. आजारी बाईकडून बिनमजुरीचं काम करून घेणं योग्य का? मनोविकारतज्ज्ञांचं म्हणणं, ओळखीचं काम आणि माणसं यांनी त्या शांत राहतात. माझ्या सहकारिणीचं म्हणणं, साठ वर्षं राबलेल्या बाईला आता तरी आराम हवा. दोघांचंही पटत होतं. ज्या दिवशी राजम्मांना पानं नको असतील त्या दिवशी ती समोरून उचलायची, एवढं पद्माकडून कबूल करून घेतलं आणि पुढे गेलो.

मुलाने मालकाकडे दिवसपाळी मागितली. पंधरवड्याआड मिळाली.

वर्षभरानंतर

बी-१२ सुधारलं, बीपी बहुतेक वेळा आटोक्यात. आम्ही घेतलेल्या त्याच चाचणीत गुण काहीसे वाढले, पण वाढले ते लक्ष देण्यात आणि बोलण्यात. नवीन गोष्ट लक्षात राहणं तसंच कमकुवत. आरोप कमी झाले, घरातली मारहाणीची भीती गेली. अंघोळीला मात्र आता मदत लागते, जी आधी लागत नव्हती. आजार पुढे सरकतो आहे.

पद्माच्या विड्या सातशेच्या आसपास आल्या, नऊशे झाल्या नाहीत. राहिलेल्या दोनशेंची मजुरी म्हणजे ती सासूला सांभाळण्यासाठी रोज पदरचे घालते ते पैसे. ते भरून देणारी कोणतीही योजना आम्हाला सापडली नाही. नात नियमित शाळेत जाते, दहावीला आहे. अकरावीचं कॉलेज सकाळचं मिळालं तर दुपारी ती घरी असेल, दुपारचं मिळालं तर काय, यावर घरात अजून बोलणं चालू आहे.

वेगळं काय करता येईल

सर्वांत आधी बिघाड दिसला होता चेकरला. त्याच्या वहीत छाट वाढल्याची तारीखवार नोंद होती, दवाखान्याच्या कागदाच्या किती तरी आधी. वर्षानुवर्षं चांगला माल देणाऱ्या बाईची बंडलं चुकायला लागली तर मजुरी कापण्यासोबत तिला तपासणीला पाठवावं, एवढं शाखांना आणि कामगार संघटनांना सांगणं अवघड नाही. एका संघटनेशी आमचं बोलणं सुरू आहे.

कान, डोळे, बी-१२, बीपी आणि पिशवीतली औषधं, हे पाच तपासल्याशिवाय स्मृतीच्या चाचणीला बसवू नये. क्रम उलटा झाला की गरीब घर आशा सोडतं आणि चालू असलेली औषधंही थांबतात, जसं इथे झालं.

आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर आता शिक्षणाच्या रकान्याखाली तीन प्रश्न वाढवले आहेत: आयुष्यभर कोणतं काम केलं, त्या कामात अलीकडे काय चुकायला लागलं, आणि त्या चुका घरात कोण निस्तरतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या बाईचं बीपीही आम्ही त्याच वेळी मोजतो. पद्माचं १५०च्या वर निघालं. तिचंही वय आता ४१ आहे, तीही चौथीनंतर शाळेत गेली नाही, आणि तिच्या गोळ्या आता राजम्मांच्या गोळ्यांसोबतच आशाताई आणून देतात.